संघपालचा पाय

मेहकरच्या पुलापाशी गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून समता एस.टी.ने डोणगावला परत आली, तेव्हा भाऊराव ओसरीवर पेपर वाचत बसले होते. सुनेच्या हातात किल्ली आहे आणि दारात गाडी नाही, हे त्यांनी एका नजरेत टिपले.

“ठोकली का कुठं?”

“नाही.”

“पंचर?”

“नाही बाबा.” समताने किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. “गाडी धड आहे. मीच उतरली. ते गाडी मी चालवतच नव्हती.”

“मंग कोन चालवत होतं?”

 स्वयंपाकघराच्या दारात भाऊरावांच्या पत्नी सिंधूताई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते भाऊरावांना मुळीच आवडले नाही.

“शेजारची कौशल्याबाई म्हनतच होती,” सिंधूताई हळूच म्हणाल्या, “वर्ष होईस्तोर संघपालच्या वस्तूले हात लावू नका म्हनून. एखादं लिंबू जर का चाकाखाली...”

“या घरात लिंबू वरनावर पिळतात,” भाऊराव म्हणाले. “चाकाखाली नाही.”

आणि ते उठून सदरा घालू लागले.

भाऊरावांचे शिक्षण तंत्रनिकेतनातले, आणि सारी नोकरी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या शिल्प निदेशकाची. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, याखेरीज घरात कोणाला थारा नव्हता. बुवा, भगत, अंगारा यांना तर उंबऱ्याबाहेरही नव्हता. नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ते एकच गोष्ट सांगत. गाडी बिघडली तर कारणे तीन. इंधन, ठिणगी नाहीतर हवा. ही तिन्ही तपासा. चौथे कारण शोधायला जाऊ नका, कारण ते नसते. आणि दुसरी शिकवण चालवण्याची. अॅक्सिलरेटरवर पाय ठेवताना खाली मूल झोपले आहे असे समजा. त्याची झोप न मोडता ज्याला गाडी चालवता येते, त्याच्या गाडीला अॅव्हरेज मिळते.

त्यांच्या स्वतःच्या मुलाने ही शिकवण कधीच ऐकली नाही. संघपालला वेगाचे वेड. इंजिनिअर होऊन तो पुण्याच्या एका मोटार कंपनीत लागला तोही वेगवान गाड्यांच्याच विभागात. मग इंधनाचे नियम कडक झाले. कंपनीने विकलेल्या साऱ्या गाड्यांच्या इंधनखर्चाची सरासरी धरायची, आणि ती ठरलेल्या रेषेच्या आत बसवायची, असा तो हिशेब. संघपालच्या विभागातल्या गाड्या ती सरासरी बिघडवणाऱ्या. मोठे इंजिन गेले. त्याच्या जागी तीन सिलिंडरांचे छोटे इंजिन, त्याला टर्बो आणि जोडीला बॅटरीवरची मोटर आली. गुरगुर तेवढी स्पीकरमधून यायची.

“सरकारनं शेवटी मायं आयकलं,” भाऊराव तेव्हा खुशीत म्हणाले होते.

“तुमचं नाही आयकलं बाबा,” संघपाल हसला होता. “लोकाईचा पाय काही बदलत नाही. आमी गाडीलेच ड्रायवर पाठ करायले लावलं. कोन कुठं रेस देते, कुठं सोडते, हे ती ध्यानात ठेवते. पाय उचलायच्या आधीच इंजिन बंद करते, दाबायच्या आधीच सुरू करते. थेंब थेंब वाचते.”

“म्हंजे तू कसाबी हाकलला तरी ते सांभाळून घेते.”

“हाव ना. तुमच्यासारखी.”

त्या जातीची पहिली गाडी त्याने स्वतःसाठी घेतली. राखी रंगाची, बसकी, दिसायला दबा धरून बसलेल्या जनावरासारखी. दीड वर्ष तिने पुणे ते डोणगाव अशा खेपा केल्या. आणि एका पहाटे पुण्याच्या घरात संघपालचे हृदय झोपेतच थांबले. गाडीला ओरखडाही नव्हता. समता सासरी आली तेव्हा कोणीतरी ती आणून दारात लावली. तेव्हापासून ती अंगावर झाकण घालून उभी होती. मेहकरच्या बँकेतल्या नोकरीवर समता रोज बसनेच जाई. आज प्रथमच तिने किल्ली घेतली होती.

प्रवासी जीपने मेहकर गाठून भाऊराव गाडीत बसले. कळ दाबली. आवाज काहीच नाही. नुसते पडद्यावर दिवे लागले. त्यांनी गाडी वळवली आणि नेहमीच्या अलगद पायाने डोणगावच्या दिशेला काढली.

पुलानंतर बारीकसा चढ लागतो. भाऊरावांचा पाय होता तिथेच होता. त्यांनी तो तसूभरही हलवला नव्हता, आणि इंजिन जागे झाले.

अंधाऱ्या खोलीत आपण एकटेच आहोत असे समजावे आणि शेजारी कोणी कूस बदलावी, तसे त्यांना झाले. चढाच्या माथ्यावर, त्यांचा पाय दाबलेलाच असताना, इंजिन झोपले. पुढे एका वाकड्या बाभळीपाशी पुन्हा जागे झाले. मग वळणाआधी गप्प, वळण संपण्याच्या अलीकडेच पुन्हा सज्ज. प्रत्येक वेळी गाडी त्यांच्या आधी. ही सारी ठिकाणे भाऊरावांना पाठ होती, कारण त्या प्रत्येक ठिकाणी डाव्या सीटवर बसून त्यांनी मुलाला शिव्या घातल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी समताला सारे नीट समजावून सांगितले. भुताटकी नाही, ही त्याच्या पायाची आठवण आहे, आणि ती गाडीत साठवलेली आहे.

“मले माहीत आहे बाबा,” समता म्हणाली. “त्यानंच सांगतलं होतं. कारन माहीत असलं म्हनून भेव जाते का? पुलापुढं इंजिन सुरू झालं, तं माह्या तोंडातून निघालं, ‘हळू ना.’ मी कोनाले म्हनलं हे? मंग गाडी बाजूले घेतली अन उतरली.”

दुसऱ्या दिवशी भाऊरावांनी गाडी चिखलीला नेली.

चिखलीच्या वर्कशॉपमध्ये हर्षल नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी कामाला होता. त्याने गाडीला संगणक जोडला, पडद्यावर नजर फिरवली आणि मान डोलावली.

“दोन मिन्टाचं काम आहे सर. शिकलेलं सारं पुसून टाकतो. गाडी कोरी. मंग वहिनी चालवतीन तशी ती शिकीन.” आणि मग त्याला राहवले नाही. “बाकी सर, तुमचं सारं आयुष्य अॅव्हरेज अॅव्हरेज करन्यात गेलं. आमी हसत होतो तुमाले. आता कायदाच तुमच्या बाजूनं झाला.”

“पुसू नको अजून,” भाऊराव म्हणाले.

“काऊन?”

“तो गेल्याले वर्ष होऊ दे, पुण्यानुमोदन होऊ दे. मंग आनतो.”

समतालाही त्यांनी तेच सांगितले. तिने हो म्हटले. पण तोपर्यंत आपण त्या गाडीत बसणार नाही, हेही सांगून टाकले.

त्यानंतर दर रविवारी सकाळी भाऊराव एकटेच गाडी काढू लागले. विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी तशा रीतीने त्यांनी हे काम आखले. रस्ता तोच, वेळ तीच, गाडीत वजन तेवढेच. डोणगाव, मेहकर, पुढे सरळ सुलतानपूर, तिथल्या फाट्यावर डावीकडे वळून लोणार, विवराच्या काठापर्यंत, आणि परत. मुलाचा पाय कुठे कुठे शिल्लक आहे, ते त्यांना पाहायचे होते. आपण पडताळणी करीत आहोत असे ते स्वतःला सांगत. खरे म्हणजे ते मुलाला भेटायला जात होते.

सुलतानपूरचा फाटा त्यांनी मनात आधीच राखून ठेवला होता. संघपाल पुण्याहून येणार असला की भाऊरावांना घरी बसवत नसे. ते बसने सुलतानपूरला जाऊन फाट्यावरच्या लिंबाखाली छत्री घेऊन उभे राहत. गाडी येई. दार उघडताच आतून ठरलेले पहिले वाक्य येई, “पट्टा लावा, बाबा.” आणि पट्टा लावता लावता भाऊरावांचे ठरलेले उत्तर जाई, “अन तू हळू चालव.” मग घरी जाण्याआधी लोणारचा एक फेरा व्हायचा. बापाला दाखवल्याशिवाय त्या गाडीचा वेग मुलाला पुरा वाटत नसे.

पहिल्या रविवारी फाट्याचा उतार लागला. इंजिन बंद झाले. चाकांचा तेवढा आवाज उरला. आणि डाव्या बाजूची एसीची जाळी आपोआप उघडून रिकाम्या सीटवर गार वारा सुटला.

भाऊराव दचकले, पण कारण त्यांना लगेच उमगले. उतारावर चाकांतून फुकट मिळणाऱ्या विजेवर ही गाडी सीट आधीच गार करून ठेवते. इथे कोणीतरी चढते, डावीकडे बसते, हे तिला ठाऊक आहे. गाडी लिंबापासून पुढे गेली, सीटवर वजन आले नाही, जाळी मिटली. सगळे यंत्राच्या नियमाप्रमाणे झाले होते.

तरीही त्यांनी गाडी थांबवली आणि आरशात लिंबाकडे पाहिले. झाडाखाली कोणी नव्हते. ज्याच्यासाठी तो वारा सुटला होता, तो माणूस इथे उजव्या सीटवर बसला होता. गाडीच्या लेखी संघपाल गाडी चालवत होता. लिंबाखाली जो आज उभा नव्हता, तो भाऊराव होता.

असे बरेच रविवार गेले. उन्हे तापली, कडेच्या शेतांत हळदीचे ढीग पडले आणि उचललेही गेले. मग एका सकाळी परत येताना पुलापुढच्या चढावर इंजिन जागे झाले नाही. अर्धा चढ संपल्यावर, भाऊरावांच्या पायानंतर, ते सावकाश सुरू झाले. वाकड्या बाभळीपाशी तर नाहीच. वळण गाडीने अशा शांतपणे घेतले की झोपलेल्या मुलाने कूसही बदलली नसती.

भाऊरावांनी जागच्या जागी हर्षलला फोन लावला. तपासायची तीन कारणे त्यांनी मनाशी मांडून ठेवली होती. बॅटरी, वायरिंग, सेन्सर.

“बिघाड नाही सर,” हर्षल म्हणाला. “तुमी चालवून राह्यले ना दर रविवारी?”

“हाव.”

“मंग ते तुमाले शिकून राह्यली. शिकायचं थांबत नाही ते. नवं वर येते, जुनं खाली जाते. साठवायले जागा तेवढीच आहे.”

“म्हंजे संघपालचं...”

“आता पुसायची गरजच नाही पडत सर.” पोराचा आवाज मोकळा होता, आपण काय बोलतो आहोत हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. “तुमीच पुसून राह्यले. आखीन दोन-चार खेपा, का गाडी पक्की तुमच्यासारखी.”

भाऊरावांनी फोन बंद केला. आयुष्यभर ज्या हळुवार पायाचा त्यांनी अभिमान धरला, तोच पाय रविवारामागून रविवार मुलावरून फिरत होता. ते भेटायला म्हणून येत होते आणि प्रत्येक भेटीत त्याचा एक एक थर खरवडून नेत होते. आता दोन वाटा होत्या. गाडी कायमची झाकून ठेवायची, म्हणजे तो आत आहे, पण कधीच हलणार नाही. नाहीतर दुसरी.

पुढच्या रविवारी पुलापुढच्या चढावर भाऊरावांनी पाय दाबला. अलगद नव्हे, संघपाल दाबायचा तसा, तळापर्यंत. पाठ सीटला चिकटली. बाभळीपाशी पुन्हा. वळणाआधी उशिरा सोडला, इतक्या उशिरा की त्यांच्याच तोंडातून शिवी निघाली असती. पुसट झालेल्या जागा त्यांनी स्वतःच्या आठवणीतून भरल्या. त्यांना न आठवणाऱ्या जागा गाडीने दाखवल्या. इंजिन हलकेच हुंकारे, आणि त्यांचा पाय खाली जाई. कोण कोणाला शिकवत होते, हे सांगणे अवघड होते. सत्तरी ओलांडलेला तो माणूस पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर ब्रेक चाचपत होता. चौथ्या-पाचव्या खेपेला ब्रेक त्याला आठवेनासा झाला.

पुलापुढचा चढ परत आला. बाभूळ परत आली. फाट्यावर जाळी उघडे, लिंबापुढे मिटे.

संघपालची एक खोड मात्र राहिली होती. दारात आल्यावर बंद करण्याआधी तो इंजिनाला एक मोठी रेस मारायचा. भाऊराव दर वेळी ओरडायचे, “काय मोठी बहादुरी आहे का हे?” तीही त्यांनी एका रविवारी दुपारी मारली.

घरातून सिंधूताई पिठाचे हात तसेच घेऊन धावत आल्या. “आला वाटते...” म्हणून त्या उंबऱ्यावर थबकल्या, आणि गाडीतून उतरणाऱ्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. मग आत गेल्या. त्या दिवशी भाकरी करपल्या.

जेवणे झाल्यावर समता भाऊरावांसमोर येऊन बसली.

“बाबा, तुमी आता किल्ली उडवली.”

“कोनती किल्ली?”

“घरात येताना. वर उडवली, न पाहता झेलली अन खुंटीले अडकवली. याच्याआधी कधी उडवली होती का तुमी?”

भाऊरावांनी खुंटीकडे पाहिले. किल्ली तिथे होती. ती तिथे कशी गेली हे त्यांना काही केल्या आठवेना.

“तुमी गाडीत बसता तेव्हा आता खांदा कलता करता,” समता पुढे म्हणाली. “मी खिडकीतून पाहते. मागून पाहिलं तं...” तिने खिडकीकडे बोट केले. “मले वाटत होतं का मलेच भेव वाटून राह्यलं. आता आईलेबी वाटते. त्या काई बोलत नाहीत, पन रोज रात्री तुमच्याकडं पाहत जाग्या राह्यतात.”

“समता, ते पुसलं का तो कुठंच राह्यत नाही.”

“तो नाहीच आहे बाबा.” तिचे डोळे कोरडे होते. “माह्यापेक्षा जास्त कोनाले माहीत आहे ते? या घरातून एक मानूस गेला. दुसरा असा बसल्या बसल्या जाऊ देनार नाही मी. पुण्यानुमोदनाची वाट पाहू नका. उद्याच चिखलीले न्या.”

भाऊरावांनी मान खाली घातली. सुनेचे म्हणणे खरे होते. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता, तर त्यांनीही हेच सांगितले असते.

“नेतो,” ते म्हणाले.

सकाळी निघताना सिंधूताई फाटकापर्यंत आल्या. “सांभाळून जा,” म्हणाल्या, आणि खिडकीतून हात घालून त्यांच्या गालाला लावला. चाळीस वर्षांत त्यांनी असे भर रस्त्यावर कधी केले नव्हते.

“दुपारी जेवायले येतो,” भाऊराव म्हणाले. ते स्वतःच्या आवाजात म्हणाले, याची त्यांनी खात्री करून घेतली.

मेहकरपर्यंत त्यांनी जुन्या पद्धतीने गाडी चालवली. अलगद. गाडीला ते रुचत नव्हते; पायाखाली इंजिन पुन्हा पुन्हा जागे होऊन वाट पाहत होते आणि काही घडत नाही असे पाहून निजत होते. मेहकरात चिखलीचा रस्ता उजवीकडे फुटतो. सुलतानपूरचा सरळ जातो. भाऊरावांनी बरेच आधी उजवीकडचा दिवा लावला. दिवा टिकटिकू लागला. गाडीचा वेग कमी केला.

चौक समोर आला, आणि इंजिन जागे झाले. सरळ रस्त्यासाठी.

पाय गेला. आपण नेला की तो गेला, याचा निवाडा करण्याइतका वेळ नव्हता. चौक मागे पडला, उजवीकडचा दिवा तसाच टिकटिकत राहिला, आणि मग सुकाणू सरळच असल्यामुळे भाऊरावांनी तो हाताने बंद केला. परतायला जागा पुष्कळ होत्या. पहिली गेली. दुसरी गेली. शेवटचा एकदा फाटा पाहू, तिथून वळवू, असे त्यांनी ठरवले.

सुलतानपूरच्या अलीकडे कापलेली शेते दोन्ही बाजूंना उघडी पडली होती. भर सकाळ, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. उतार लागला. इंजिन बंद झाले. डावीकडची जाळी उघडली आणि रिकाम्या सीटवर गार वारा सुटला. लिंब जवळ आला. खाली कोणी नव्हते. कोणी असणार नव्हते. गाडी झाडाच्या सावलीतून पुढे सरकली आणि भाऊराव जाळी मिटण्याची वाट पाहू लागले.

ती मिटली नाही.

लिंब आरशात लहान झाला. लोणारचे वळण आले आणि हातांनी ते घेतले. वारा डाव्या सीटवर वाहतच होता, कोणी बसले असल्यासारखा. भाऊरावांच्या मनात सवयीने तीन कारणे उभी राहिली. जाळीची मोटर अडकली असेल. सीटखालचा सेन्सर बिघडला असेल. नाहीतर वायर ढिली असेल. तिन्ही तपासणे सोपे होते. डावा हात नुसता सीटवर ठेवायचा. सीट गार आणि रिकामी लागली की झाले.

हात सुकाणूवरून निघाला. अर्ध्यावर गेला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकही यंत्र न तपासता सोडले नव्हते, त्याने तो हात मागे घेतला.

चिखली आता पाठीमागे राहिली होती. समोर लोणारचा सरळ रस्ता उन्हात पांढरा पडला होता, आणि इंजिन पायाची वाट पाहत पुन्हा जागे होऊन थांबले होते. शेजारच्या सीटकडे न पाहता तो म्हणाला,

“पट्टा लावा, बाबा.”

आणि उत्तर येईपर्यंत त्याने रेस दिली नाही.